उणे झालेला उजेड

तुम्ही न विचारता ठरवलंत. आरोप एवढाच आहे, आणि तो तोंडावर आहे. काचेच्या खोलीत, लांबलचक टेबलाभोवती बसून, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं फिरवत तुम्ही ठरवलंत की तळमजल्यावरचा तो माणूस आता कामाचा नाही. त्याचं काम नेमकं काय, हे तुमच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं. त्याच्या खोलीचं दार आत उघडतं की बाहेर, तेही नसतं सांगता आलं. तरी लिहून मोकळे झालात : जुनी प्रणाली, जुनी भाषा, पद रद्द. खाली सही. सही मात्र झोकदार.

त्या सहीखाली जिचं आयुष्यभराचं काम चिरडता चिरडता वाचलं, त्या बाईचं काय झालं ते आता ऐका. तुम्हाला ऐकायची सवय नाही, ठाऊक आहे. तरी ऐका.

तिला सगळी संस्था डोळेबाई म्हणते. डोळ्यांवर संशोधन करते म्हणून, आणि स्वतःला बाटलीच्या बुडासारखा चष्मा आहे म्हणूनही. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्यातल्या पेशी काही माणसांच्या म्हातारपणी विझत जातात. समोरच्याचे कान दिसतात, केस दिसतात, मधला चेहराच दिसत नाही. एका औषधाच्या थेंबांनी हे विझणं थांबतं का, ते ती शोधत होती. आधी उंदरांच्या डोळ्यांवर. तिचं लग्न, मुलीची शाळा, घर बदलणं, सगळं या थेंबांच्या आगेमागे झालं. नवरा गमतीने म्हणायचा, आपल्या घरात तीन बायका आहेत, आई, तू आणि ती बाटली.

काम असं : उंदरांच्या डोळ्यांचे पातळ काप करायचे, जिवंत पेशी चमकतील असा रंग लावायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो काढायचे. मग त्या फोटोंत चमकणाऱ्या पेशी मोजायच्या. फोटो उघडणं, खुणा करणं, मोजणं हे सगळं ज्या एका मोठ्या प्रोग्रॅममध्ये चालायचं त्याला संस्थेत वर्कबेंच म्हणत. सुताराच्या बाकासारखंच ते. करवत, रंधा, पटाशी, सगळं एका जागी. जावा भाषेत लिहिलेलं. लिहिणारे चौघेपाच होते, बाकीचे पांगले, एक उरला. त्याला आजोबा म्हणत.

आजोबांचं वय काही आजोबांचं नव्हतं. केस काळे होते, आणि तेही स्वतःचे. पण कोणी काही नवीन मागायला गेलं की ते खुर्ची मागे रेलून म्हणत, “हे मी तू शाळेत होतीस तेव्हा लिहून ठेवलंय.” झालं, नाव पडलं. माणूस तिरसट. तक्रार घेऊन जा, आधी तुमचीच चूक काढणार. पण वर्कबेंच कधी बंद पडलं नाही, आणि पडलंच तर चहा निवायच्या आत उठून उभं राहिलं.

तक्रार एकच होती. नवी मोजणी हवी असली की आजोबांच्या दाराशी रांग. ते त्यांच्या सवडीने एक बटण घालणार, मग सगळं वर्कबेंच पुन्हा बांधून सगळ्यांच्या संगणकांवर नव्याने चढवणार. एका खुंटीसाठी घर पाडून बांधायचं तसा प्रकार. इकडे वरच्या मजल्यांवरचे लोक पायथन ही दुसरी, सुटसुटीत भाषा शिकले होते. चार ओळी लिहायच्या आणि मोजून मोकळं व्हायचं. त्यांना वाटे, वर्कबेंचमध्येच बसून आपल्या आपण पायथन लिहिता आलं तर किती बरं.

त्यासाठी तिसऱ्या मजल्यावरून एक तरुण प्रोग्रॅमर खाली आली. पायथनवाली, म्हणून आजोबांनी पहिल्याच दिवशी तिला अजगर म्हटलं. तिने वाईट वाटून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर वेटोळ्याचं स्टिकर चिकटवून आली आणि आजोबांच्या वर्कबेंचला कुंभकर्ण म्हणू लागली, कारण ते सुरू व्हायला फार वेळ घ्यायचं.

“आजोबा, तुमचा कुंभकर्ण उठला का? मी तोवर अंघोळ करून येते.”

“ये. आणि येताना जरा शिस्त पण लावून ये तुझ्या भाषेला. कुठे काय ठेवलंय याचा पत्ता नसतो तिला.”

डोळेबाई तेव्हा त्यांच्या खोलीत फोटोंचं काहीतरी विचारायला गेलेली. ती दाराला टेकून ऐकत राहिली. तिला त्या दोघांचं भांडण आवडायचं.

“माझं म्हणणं साधं आहे,” आजोबा म्हणाले. “पायथन माझ्या जावाच्या पोटातच चालवू. तशी सोय आहे. एका घरात राहील, माझीच भांडी वापरेल.”

“ती सोय मी बघितलीय. त्या घरातला पायथन जुन्या वळणाचं बोलतो, आणि मोजणीच्या तयार कोडच्या ज्या लायब्ररी मला लागतात त्यातली एकही त्याला चालत नाही. म्हणजे सून आणायची आणि स्वयंपाकघराला कुलूप लावायचं.”

“मग तुझं काय म्हणणं?”

“शेजारी वेगळं घर. खरा पायथन, स्वतःच्या चुलीवर. मधल्या भिंतीला एक खिडकी. तुम्ही खिडकीतून फोटो द्यायचा, मी मोजून आकडे परत द्यायचे. वर्कबेंचवर बसलेल्या माणसाला कळणारही नाही की मध्ये भिंत आहे.”

“आणि खिडकी कोण बांधणार?”

“तुमच्या बाजूने तुम्ही, माझ्या बाजूने मी.”

“म्हणजे पाणी गळायला लागलं की दोघं म्हणणार, तुझ्या बाजूने गळतंय.”

“मी तर म्हणणारच.”

आजोबा हसले नाहीत, पण त्यांनी खुर्ची सरकवून तिला टेबलावर जागा करून दिली. डोळेबाईने एवढ्या वर्षांत त्यांना कोणासाठी खुर्ची सरकवताना पाहिलं नव्हतं.

खिडकी झाली. दोघांनी आजोबांच्या नेहमीच्या चाचणीच्या फोटोवर ती घासून पुसून तपासली, आकडे जुळले. वर्कबेंचच्या उजव्या बाजूला एक नवा कप्पा उघडू लागला. त्यात पायथनच्या ओळी लिहा, बटण दाबा, उत्तर हजर. संस्थेत असा आनंद झाला की विचारू नका. दोन-दोन आठवडे रांगेत थांबणारी माणसं दुपारच्या जेवणाआधी मोजून मोकळी होऊ लागली. झाडांच्या मुळांवाले, हाडांवाले, धातूच्या भेगा बघणारे, सगळे खाली येऊन आजोबांच्या खोलीत डोकावून जात. कोणी बिस्किटांचा पुडा ठेवून जाई. आजोबा पुडा फोडत आणि म्हणत, “आता छळायला येत नाहीत, खायला घालायला येतात.”

आणि नेमकं हेच तुम्ही हेरलंत. लोक आता आपलं आपण लिहितात ना, मग राखणदार कशाला पोसायचा? ज्या माणसाने भिंतीत खिडकी पाडून दिली, त्याला त्याच खिडकीचं कारण दाखवून बाहेर काढलंत. तिमाही संपेपर्यंत, म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत. नंतर विकतचं काहीतरी आणणार होतात, त्याचं नावही अजून ठरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात डोळेबाईने तिचे सगळे फोटो नव्या कप्प्यातून मोजले.

आकडे आले आणि ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. औषध न घातलेल्या डोळ्यांत जिवंत पेशी जितक्या अपेक्षित तितक्या. औषध घातलेल्या डोळ्यांत त्याहून कमी. थोड्याथोडक्या नाही, निम्म्याहून कमी. थेंबांनी पेशी वाचत नव्हत्या, मरत होत्या. तिने पुन्हा मोजलं. तेच. ओळ न ओळ तपासली. बरोबर होती. संस्थेचा नियम साधा : मधला निकाल असा उलटा लागला की प्रयोग बंद. सोमवारी तिने तुमच्या समितीला तसं लिहून द्यायचं, आणि उरलेल्या बाटल्या नष्ट करायच्या.

फोटो बघून शंका आली नाही का, असं कोणी विचारेल. वर्कबेंच कुठलाही फोटो दाखवताना उजेड स्वतःच कमीजास्त करून घेतं, अंधारा फोटोही छान दिसतो. त्यामुळे या कामातली माणसं पहिल्या वर्षीच शिकतात की डोळ्यांवर जायचं नाही, आकड्यांवर जायचं. ती आकड्यांवर गेली.

घरी ती आली तेव्हा सासूबाई खिडकीपाशी रेडिओ लावून बसल्या होत्या. त्यांना समोरच्या माणसाचा मधला भाग दिसत नाही. डोळेबाईने हा आजार निवडला तेव्हा सासूबाईंची नजर धडधाकट होती. आजार मागाहून घरात आला. त्या यावर म्हणायच्या, “तुला घरबसल्या अभ्यासाला मिळावं म्हणून मीच लावून घेतला.”

तिने पर्स ठेवली आणि पाणी प्यायली.

“काय झालं गं?”

“काही नाही, आई.”

“मला तुझं तोंड दिसत नाही, पण पाडलंयस ते ऐकू येतंय.”

मग तिने सांगितलं. सगळं नाही, एवढंच की थेंब चालले नाहीत, सोमवारी बंद करायचं. सासूबाईंनी रेडिओ बारीक केला.

“माझ्यासाठी रडत असशील तर रडू नको. मला ते मिळणार नव्हतेच, तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस.”

“तुमच्यासाठी नाही. म्हणजे तुमच्यासाठी पण.”

“ज्यांनी इतकी वर्षं हात लावला कामाला, त्यांना भेटून ये आधी. बंद करायचं तर नीट निरोप घेऊन बंद कर. काम फसलं म्हणून माणसं काही फसत नाहीत.”

हे ऐकलं म्हणून ती दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर गेली. शंका घेऊन नाही, तक्रार घेऊन नाही. आभार मानायला गेली. तुमच्या नियमांत या गोष्टीला रकाना नाही, आणि पुढचं सगळं तिथूनच घडलं.

आजोबांच्या खोलीत दोन खोकी भरून झाली होती. ते जुन्या तारा गुंडाळत होते. कोपऱ्यात अजगर लॅपटॉपवर काहीतरी करत होती, पण कान इकडेच.

“आजोबा,” डोळेबाई म्हणाली, “माझं काम बंद होतंय. औषध चाललं नाही. पण तुमच्या वर्कबेंचने मला कधी अडवलं नाही, ते सांगायला आले. एवढी वर्षं मी कधी बोलले नाही. बटणं तेवढी मागत राहिले.”

आजोबांनी तारेची गुंडाळी उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. कौतुक आलं की त्यांना हात कुठे ठेवायचे ते कळत नसे.

“मागितलीस तेवढी सगळी दिली का मी?”

“एक राहिलं.”

“ते फालतू होतं, म्हणून राहिलं.” मग थोडं थांबून म्हणाले, “बस. मी पण आता जाणारच. त्या तुझ्या पेशी मी कधी नीट बघितल्याच नाहीत. एक दाखव तरी. शेवटचा म्हणून.”

तिने त्यांच्याच संगणकावर औषध घातलेल्या एका डोळ्याचा फोटो उघडला. आजोबा पुढे वाकले. सवयीने त्यांनी आधी उजेडाची ती आपोआप होणारी कमीजास्त बंद केली, कारण स्वतःच्या यंत्राचे लाड त्यांना स्वतःला चालत नसत. फोटो तरीही लखलखत राहिला, रात्री विमानातून खाली दिसणाऱ्या शहरासारखा.

“हे मेलेलं आहे?” आजोबा म्हणाले.

“आकडा तसंच म्हणतो.”

“आकडा गेला खड्ड्यात. मी उजेड वाढवलेला नाही. हा खरा आहे.” त्यांनी खुर्ची वळवली. “अगं अजगरा, हाच फोटो तुझ्या खिडकीतून तुला कसा दिसतो? आकडे नकोत. चित्र काढून दाखव.”

“चित्र कशाला? मोजणी बरोबर आहे, मी दोनदा—”

“काढ म्हटलं ना.”

अजगरने तोंड वाकडं केलं आणि काढलं. तिघं तिच्या पडद्यावर वाकले. तेच शहर, पण प्रत्येक दिव्याच्या मधोमध काळं भोक. पेशी नव्हत्याच, नुसत्या कडा होत्या, बांगड्या सांडल्यासारख्या. जी पेशी जितकी जास्त उजळ, तिच्यातलं भोक तितकं मोठं.

आजोबांनी एका भोकावर बोट ठेवलं. “इथला आकडा किती?”

अजगरने बघितलं. “उणे एक्केचाळीस.” मग स्वतःशीच म्हणाली, “उणे?”

“उजेड उणे कसा असेल?” डोळेबाई म्हणाली.

आजोबा खोक्यावरच बसले. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला. “माझ्याकडे असतो,” ते म्हणाले. “जावाचा बाइट, म्हणजे एक आकडा मावणारी डबी, निम्म्यापर्यंत वर चढतो आणि मग गडगडून उणेच्या तळाला जातो. उजेड शून्य ते दोनशे पंचावन्न असतो, पण माझ्या घरात एकशे सत्तावीसच्या पुढचं सगळं उणे धरलं जातं. दोनशे पंधराचं उणे एक्केचाळीस होतं. मी ते वापरण्याआधी सरळ करून घेतो, प्रत्येक वेळी. इतक्या वर्षांची सवय, की करतोय हेही कळत नाही. खिडकीतून देताना मात्र मी ते तसंच दिलं. आणि हिला सांगितलं नाही.”

“मी विचारलं नाही,” अजगर म्हणाली. “तुम्ही बाइट म्हणालात, मी तुमच्यासारखाच बाइट वाचला. उणे येऊ शकतं हे मनातच आलं नाही. आणि तुमचा तो चाचणीचा फोटो मेला इतका अंधारा, की त्यात निम्म्याच्या वर काही नव्हतंच.”

डोळेबाई पडद्याकडे आणखी वाकली. तिने सावकाश, शब्द चाचपत विचारलं, “म्हणजे औषध न घातलेल्या डोळ्यांत पेशी मंद होत्या, त्या बरोबर मोजल्या गेल्या. आणि ज्यांना औषध लागू पडलं, त्या पेशी...”

“जितकं जास्त लागू पडलं, तितक्या जास्त मेल्या,” आजोबा म्हणाले. “माझ्या हाताने.”

“आपल्या,” अजगर म्हणाली. “अर्धी चूक माझी आहे. मला माझी अर्धी हवी.”

“तुला कशाला हवी? तुला अजून नोकरी करायचीय.”

“आजोबा, गप बसा आणि तुमची बाजू उघडा. मी माझी उघडते.”

दुरुस्ती एका ओळीची निघाली. पलीकडे लिहायची की अलीकडे, यावर दोघांचं पुन्हा भांडण झालं. शेवटी ओळ आजोबांच्या बाजूला गेली, आणि अजगरच्या बाजूला पहारा बसला की पुन्हा कधी उणे उजेड आला तर मोजणी थांबवून ओरडायचं. मग आजोबांनी एक नवा चाचणीचा फोटो केला, डोळे दिपतील असा भगभगीत. तो पास झाला तेव्हा कुठे डोळेबाईचे फोटो पुन्हा लावले.

मोजणी चालू असताना ती पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. भिंतीवरचं कुठल्याशा जुन्या परिषदेचं कॅलेंडर वाचत राहिली. मागून अजगरचा आवाज आला, एरवीपेक्षा बारीक.

“बाई, बघा.”

औषध न घातलेले डोळे होते तिथेच होते. औषध घातलेल्यांत जिवंत पेशी जवळजवळ दुप्पट.

ती बसली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. आपल्याकडे घरच्या माणसांचे आभार मानायची पद्धत नाही, आणि ही दोघं केव्हा घरची झाली ते तिला कळलंही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “मी तुमची जन्मभर ऋणी आहे.”

“ऋणी कसली?” आजोबा खेकसले. “आम्हीच बुडवत होतो तुला.”

“बुडवत होतात, मग काढलंत पण. बुडवणारे मला पुष्कळ भेटलेत, आजोबा. आपण बुडवलं हे कळल्यावर पाण्यात उतरणारे नाही भेटले.”

आजोबांनी अजगरला सांगितलं, बिस्किटांचा पुडा कुठे गेला बघ.

घरी तिने सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. “आता बरोबर आहे,” म्हणाल्या. “त्या दोघांना एकदा जेवायला बोलाव. मी चेहरे नाही बघू शकणार, पण आवाज ऐकीन.”

सोमवारी डोळेबाई तुमच्या काचेच्या खोलीत आली. तुम्हाला आठवत असेल. निकाल बघून तुम्ही सगळे खूश झालात. मोठे साहेब म्हणाले, “वा. बघा, जुनं सोडून नव्याकडे वळल्याचं फळ. पायथनची आपली योजना किती वेळेवर होती.”

ती खोटं बोलली असती तर सोपं होतं. ती बोलली नाही. निकाल आधी उलटा कसा लागला, का लागला, कोणी शोधला, सगळं सांगितलं. उणे उजेडासकट.

मोठे साहेब मागे रेलले. “थांबा. म्हणजे चूक त्यांचीच होती?”

“अर्धी त्यांची.”

“मग आमचा निर्णय योग्यच ठरतो, नाही का? ज्या माणसाच्या चुकीमुळे एवढा मोठा प्रयोग बंद पडणार होता—”

“साहेब,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “चूक खिडकीत होती. एका बाजूने जावा, एका बाजूने पायथन. एका बाजूचं माणूस तिसऱ्या मजल्यावर आहे, ती हुशार आहे, पण ते भोक बघूनही पलीकडे काय चालतं हे तिला एकटीला कळलं नसतं. तसं ती स्वतःच म्हणते. दुसऱ्या बाजूचा माणूस शुक्रवारी खोकी घेऊन जातोय. आठवडाभर आधी गेला असता तर आज मी इथे प्रयोग बंद करायचा कागद घेऊन आले असते, आणि तुम्ही त्यावर सही केली असती. चांगलं औषध मोरीत ओतलं असतं आपण, आणि कोणाला कधी कळलंही नसतं. त्या खिडकीतून आता मुळांवाले मोजतात, हाडांवाले मोजतात, धातूवाले मोजतात. त्यांचे आकडे बरोबर आहेत का, हे अजून कोणी बघितलेलं नाही. ते दोघं आजपासून बघायला बसलेत. शुक्रवारनंतर एकच उरेल.”

“तुमच्या भावना समजू शकतो,” मोठे साहेब म्हणाले. “विचार करू. कळवू.”

“भावना नाहीत या. प्रश्न आहे. तो माणूस गेल्यावर पलीकडच्या बाजूचं मी कोणाला विचारायचं? एक नाव सांगा. तुमच्यापैकी कोणाचंही चालेल.”

टेबलाभोवती कोणी बाटलीचं झाकण फिरवलं, कोणी फोन पालथा ठेवला.

“बाई, बैठकीची वेळ संपत आलीय.”

“माझी नाही संपली,” डोळेबाई म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. “मी थांबते. उत्तर द्या.”